शार्डलेक आणि राजाचा कायदा : सी. जे. सॅन्सम यांच्या ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्या

मृण्मयी

ऐतिहासिक म्हणवणाऱ्या पुष्कळशा रहस्यकादंबऱ्यांमध्ये इतिहास हा नाटकातल्या पडद्यासारखा मागे टांगलेला असतो. पुढे चाललेला खुनाचा तपास उचलून दुसऱ्या शतकात नेऊन ठेवला आणि पोशाख व शस्त्रे बदलली, तरी कथेचे काहीही बिघडत नाही. ख्रिस्टोफर जॉन सॅन्सम, म्हणजेच सी. जे. सॅन्सम, यांच्या मॅथ्यू शार्डलेक मालिकेतील सात कादंबऱ्यांबद्दल असे म्हणता येत नाही, आणि त्या वाचाव्यात असे मला वाटण्याचे पहिले कारण हेच आहे. त्यांतील खून सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्येच घडू शकतात. जमीन कोणाची होती, ती कोणत्या कायद्याने काढून घेतली गेली आणि शेवटी कोणाच्या घशात गेली, हे समजल्याशिवाय त्यांतला खुनी सापडत नाही. या लेखकावर इथे सविस्तर बोलणे व्हावे, या इच्छेने हा धागा काढत आहे. रहस्यभेद होणार नाही याची काळजी मी घेतली आहे. प्रतिसाद देणाऱ्यांनीही ती घ्यावी, ही विनंती.

सॅन्सम यांचा जन्म १९५२ साली एडिंबरा येथे झाला. बर्मिंगहॅम विद्यापीठातून त्यांनी इतिहासात डॉक्टरेट मिळवली, त्यानंतर कायद्याचे शिक्षण घेतले आणि ससेक्समध्ये सॉलिसिटर म्हणून काम केले. २००३ मध्ये 'डिसोल्यूशन' ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. पुढच्या पंधरा वर्षांत शार्डलेकच्या आणखी सहा कादंबऱ्या आल्या. त्याखेरीज यादवी युद्धानंतरच्या स्पेनवर एक आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने जर्मनीपुढे नमते घेतले असते तर काय झाले असते, या कल्पनेवर एक, अशा दोन स्वतंत्र कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. २०२२ मध्ये ब्रिटनमधील गुन्हेकथा लेखकांच्या संघटनेने 'डायमंड डॅगर' हा जीवनगौरव पुरस्कार त्यांना दिला. अनेक वर्षे ते रक्ताच्या कर्करोगाने आजारी होते. २७ एप्रिल २०२४ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, १ मे रोजी, 'डिसोल्यूशन'वर आधारलेली चार भागांची मालिका प्रदर्शित झाली.

इतिहासाचा अभ्यासक आणि वकील या दोन्ही भूमिका त्यांच्या लेखनात एकजीव झालेल्या आहेत. आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी संबंध तोडले, स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख घोषित केले आणि मग मठांच्या संपत्तीकडे दृष्टी वळवली, हा भाग शाळेच्या पुस्तकातही असतो. हे सगळे प्रत्यक्षात कसे पार पडले, ते मात्र तिथे नसते. १५३६ च्या कायद्याने ज्यांचे वार्षिक उत्पन्न २०० पौंडांपेक्षा कमी होते अशा लहान मठांवर आधी कुऱ्हाड पडली. त्याच वर्षी जप्त मालमत्तेच्या व्यवस्थेसाठी 'कोर्ट ऑफ ऑगमेंटेशन्स' नावाचे स्वतंत्र खाते उघडण्यात आले. राजाचे आयुक्त मठामठांतून फिरले, वह्या तपासल्या, भिक्षूंच्या वर्तनाविषयी चौकशा केल्या, ज्यांनी मुकाट्याने सह्या केल्या त्यांना निवृत्तिवेतन दिले आणि ज्यांनी नकार दिला त्यांच्यावर राजद्रोहाचे खटले भरले. छपरांवरचे शिसे उतरवून वितळवले गेले, घंटा ओतकामासाठी गेल्या. ग्लास्टनबरीच्या वृद्ध मठाधिपतीला नोव्हेंबर १५३९ मध्ये गावाजवळच्या टेकडीवर फाशी दिले गेले. १५४० च्या वसंतापर्यंत सुमारे ८०० धार्मिक संस्था संपल्या होत्या, आणि या सगळ्याला कायद्याचा, कागदाचा आणि मोहोरेचा आधार होता.

'डिसोल्यूशन' घडते ती या मोहिमेच्या मध्यावर, १५३७ च्या हिवाळ्यात. दक्षिण किनाऱ्यावरच्या स्कार्नसी या कल्पित गावातील मठात राजाचा आयुक्त सिंगलटन याचा शिरच्छेद केलेला मृतदेह सापडतो, आणि राजाचा मुख्यमंत्री थॉमस क्रॉमवेल आपला विश्वासू वकील मॅथ्यू शार्डलेक याला तपासासाठी तिकडे पाठवतो. शार्डलेक लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेतला वकील आहे, त्याच्या पाठीला लहानपणापासून कुबड आहे आणि धर्मसुधारणेवर त्याची मनापासून श्रद्धा आहे. मठ हे अंधश्रद्धेचे आणि ऐषारामाचे अड्डे आहेत, ते गेल्यावर त्यांची संपत्ती गरिबांच्या शाळांना आणि रुग्णालयांना मिळेल, असे त्याला खरोखर वाटत असते. तपास करता करता तो मठाच्या हिशेबाच्या वह्यांपर्यंत येतो. कोणती जमीन कोणाला विकली, कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने, याची चौकशी करताना सॅन्सम यांच्यातला वकील अगदी रंगून गेलेला दिसतो. जमीनजुमल्याची कागदपत्रे पाहण्याची सवय असलेल्या वाचकाला ही प्रकरणे पाठलागाच्या प्रसंगांपेक्षाही अधिक खिळवून ठेवतील.

माझा मुख्य मुद्दा असा आहे. रहस्यकथेचा एक अलिखित करार असतो : समाजाची घडी एका खुनाने विसकटते, गुन्हेगार सापडतो आणि घडी पुन्हा बसते. सॅन्सम यांनी हा करार अर्धाच पाळला. खुनी सापडतो, वाचकाची फसवणूक होत नाही. पण घडी बसत नाही, कारण ती विसकटणारा सर्वांत मोठा हात राजाचा असतो आणि शार्डलेक त्याच हाताच्या वतीने तपासाला आलेला असतो. एका माणसाने रागाच्या किंवा लोभाच्या भरात केलेला खून फाशीच्या दोरापर्यंत पोहोचतो. खोट्या साक्षी उभ्या करून, कायद्याचे कलम लावून केलेला खून मात्र दरबारात बढतीला पात्र ठरतो. या दोन खुनांमधले अंतर कमी कमी होत जाते, ही या सात कादंबऱ्यांमधून सलग चाललेली खरी कथा आहे, असे माझे मत आहे.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा म्हणजे रिचर्ड रिच. हा माणूस कल्पित नाही. १५३५ मध्ये राजाचे माजी लॉर्ड चॅन्सेलर (राज्याचे सर्वोच्च कायदे-अधिकारी) सर थॉमस मोर यांच्यावरच्या खटल्यात याचीच साक्ष निर्णायक ठरली आणि मोर यांनी भर न्यायालयात ती खोटी असल्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी तो 'ऑगमेंटेशन्स'चा प्रमुख झाला. १५४६ मध्ये पाखंडी ठरवलेल्या ॲन ॲस्क्यू या पंचविशीतल्या स्त्रीला लंडनच्या टॉवर या किल्ल्यातल्या तुरुंगात रॅकवर, म्हणजे हातपाय ओढणाऱ्या छळयंत्रावर, ताणले गेले तेव्हा रिच आणि लॉर्ड चॅन्सेलर राइअथ्स्ली यांनी स्वतःच्या हातांनी यंत्र फिरवले, असे तिने स्वतः लिहून ठेवले आहे. एवढे सगळे करूनही पुढच्याच वर्षी रिच स्वतः लॉर्ड चॅन्सेलर झाला आणि म्हातारपणी अंथरुणात मरण पावला. अशा माणसाला सॅन्सम कादंबरीत शिक्षा देऊ शकत नाहीत, कारण इतिहासाने ती दिलेली नाही. 'लॅमेंटेशन' या सहाव्या कादंबरीची सुरुवातच ॲन ॲस्क्यूला स्मिथफील्डच्या मैदानात जाळण्याच्या प्रसंगाने होते. सांधे निखळल्यामुळे तिला चालता येत नाही, म्हणून खुर्चीत बसवून आणले जाते. आणि वकिलांच्या संस्थेचा प्रतिनिधी म्हणून शार्डलेकला तिथे हजर राहून ते पाहावे लागते. पुढे सहाशे पाने रहस्य उलगडत राहते, पण त्या पहिल्या प्रकरणातल्या गुन्ह्याची चौकशी कोणीही करणार नसते.

सर्व कादंबऱ्या शार्डलेकच्याच तोंडून सांगितलेल्या आहेत. त्यामुळे त्याची श्रद्धा एकदम कोसळत नाही, ती प्रत्येक कादंबरीत थोडी थोडी झिजते आणि त्या झिजेचा हिशेब तो स्वतःशी प्रामाणिकपणे मांडत राहतो. इतर वाचकांना हा प्रवास कसा वाटला, हे जाणून घ्यायला आवडेल.


न्यायप्रिय

लेख अतिशय आवडला. फौजदारी वकिलीत बरीच वर्षे घालवल्यामुळे या मालिकेतील एका गोष्टीकडे मी लक्ष वेधू इच्छितो, आणि ती म्हणजे शार्डलेकला तपास करावा लागतो याचे कायदेशीर कारण. आजच्या वाचकाला वाटेल की वकिलाने न्यायालयात उभे राहून अशिलाची बाजू मांडावी. गल्लीबोळांतून, विहिरींतून आणि तळघरांतून हिंडण्याचे त्याला काय कारण? कारण असे की, त्या काळी इंग्लंडमध्ये गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला वकील देण्याची मुभाच नव्हती. कायद्याचा एखादा तांत्रिक मुद्दा निघाला तर त्यापुरते वकिलाला बोलता येई. घटना काय घडली, साक्षीदार खोटा आहे की खरा, हे आरोपीने एकट्यानेच, ज्युरीसमोर उभे राहून सांगायचे. वकिलामार्फत संपूर्ण बचाव करण्याचा हक्क तिथे १८३६ मध्ये मिळाला. पोलीस दलही नव्हते. मृत्यूची चौकशी कॉरोनर करी आणि गावाचा कॉन्स्टेबल हा बहुधा पाळीने नेमलेला गावकरीच असे. (मुंबईत कॉरोनरचे पद गेल्या शतकाच्या अखेरपर्यंत होते, हे इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल.) अशा व्यवस्थेत निरपराध माणसाला वाचवायचे तर खटला उभा राहण्यापूर्वी खरा गुन्हेगार हाती लागणे, हा जवळपास एकच मार्ग उरतो. सॅन्सम यांनी वकिलाला गुप्तहेर केले ते वाचकाच्या सोयीसाठी नव्हे. त्या काळच्या कायद्यानेच त्याला तसे व्हायला भाग पाडले आहे.

'डार्क फायर' या दुसऱ्या कादंबरीत याचा कळस आहे. साल १५४०, लंडनमध्ये असह्य उकाडा. एलिझाबेथ वेंटवर्थ या तरुण मुलीवर आपल्या लहान चुलतभावाला विहिरीत ढकलून मारल्याचा आरोप आहे आणि ती एक शब्दही बोलायला तयार नाही. गुन्हा कबूल की नाकबूल, हे आरोपीने सांगितल्याशिवाय खटला सुरूच होऊ शकत नसे. न बोलणाऱ्या आरोपीला जमिनीवर पाठीवर झोपवून त्याच्या छातीवर फळी आणि फळीवर दगड किंवा लोखंडी वजने ठेवत जायची, तो बोलेपर्यंत किंवा मरेपर्यंत, अशी रीत होती. तरीही काही जण बोलत नसत, आणि त्यामागे हिशेब होता : दोषी ठरण्यापूर्वी मृत्यू आला तर मालमत्ता राजाकडे जप्त होत नसे आणि मुलाबाळांना मिळे. यॉर्कमध्ये १५८६ साली मार्गारेट क्लिदरो हिला असेच मारले गेले. खटला चालला तर आपल्या मुलांना साक्षीला उभे करतील, ही तिची भीती होती. इंग्लंडमध्ये ही पद्धत कायद्याने रद्द झाली ती १७७२ मध्ये. कादंबरीत लंडनच्या न्यूगेट तुरुंगाच्या कोठडीत बसलेली ती मुकी मुलगी आणि तिच्यासमोर हतबल झालेला तिचा वकील, हा प्रसंग मी वारंवार वाचला आहे. अशील बोलत नसेल तर वकिलाची सारी विद्या निरुपयोगी ठरते, ही भावना ज्याने प्रत्यक्ष वकिली केली आहे त्यालाच इतक्या अचूकपणे लिहिता येते.

क्रॉमवेल तिला थोड्या दिवसांची मुदत मिळवून देतो, पण त्याच्या बदल्यात 'ग्रीक अग्नी' या जुन्या बायझंटाईन अस्त्राचे सूत्र शोधण्याचे काम शार्डलेकच्या गळ्यात घालतो. आपण ज्या दोन खुनांमधील अंतराविषयी लिहिले आहे, ते इथे अगदी उघड दिसते : एका मुलीचा जीव वाचवायचा तर हजारोंचे जीव घेणारे अस्त्र राजाच्या हाती द्यायचे. त्याच वर्षी २८ जुलैला खुद्द क्रॉमवेलचाच शिरच्छेद झाला, हे वाचकाला ठाऊक असते आणि पात्रांना नसते. लेखकाने त्या फरकाचा वापर फार समर्थपणे केला आहे.


हंसध्वनी

मी या मालिकेचा चाहता असूनही दोन आक्षेप नोंदवू इच्छितो, कारण केवळ स्तुती करून लेखकाचे मोल कळत नाही.

पहिला आक्षेप शार्डलेकच्या मनाविषयी आहे. तो जितका करुणामय, संशयवादी आणि परधर्मीयांविषयी उदार आहे, तितका माणूस १५४० च्या दशकात असू शकला असता का? काळा मूर (उत्तर आफ्रिकी वंशाचा) वैद्य असलेल्या गाय (Guy) नावाच्या माजी भिक्षूशी त्याची जी मैत्री होते, ती मला अत्यंत प्रिय आहे. तरीही अनेकदा असे वाटते की आजचा एक सुसंस्कृत वाचकच काळा झगा घालून ट्यूडर लंडनमध्ये फिरतो आहे. एडिथ पार्गेटर यांनी एलिस पीटर्स या नावाने १९७७ पासून लिहिलेल्या, खुनांचा छडा लावणाऱ्या ब्रदर कॅडफेल या भिक्षूच्या कथांवरही हाच आक्षेप घेतला जातो, पण तिथे निदान कॅडफेलची श्रद्धा शेवटपर्यंत अभंग राहते आणि त्यामुळे तो बाराव्या शतकातला वाटतो. (ज्या श्रूजबरीच्या मठात कॅडफेल राहतो, तोही १५४० मध्ये या मोहिमेत बंद झाला. पार्गेटर यांच्या नावाने दिला जाणारा ऐतिहासिक गुन्हेकथेचा पुरस्कार 'डार्क फायर'ला मिळाला, हा मला सुंदर योग वाटतो.)

दुसरा आक्षेप आकाराचा. 'डिसोल्यूशन' बांधेसूद आहे. पुढे प्रत्येक कादंबरी फुगत गेली आणि 'टूमलँड' तर आठशे पानांच्या पलीकडे गेली. त्यात मूळ खुनाचा धागा शेकडो पाने हरवतो. रहस्यकादंबरी म्हणून हा दोषच मानावा लागेल.


मृण्मयी

न्यायप्रिय, आपल्या प्रतिसादाने लेखातली मोठी उणीव भरून निघाली. आरोपीला वकील नसण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, आणि तो कळल्यावर संपूर्ण मालिकाच वेगळ्या प्रकाशात दिसते.

हंसध्वनी, शार्डलेकच्या आधुनिकपणाविषयीचा आपला आक्षेप मी पूर्णपणे नाकारत नाही. परंतु त्याच्या करुणेचा उगम लेखकाने आजच्या विचारांत ठेवलेला नाही, तो त्याच्या शरीरात ठेवला आहे. कुबड असलेला माणूस दिसला तर अपशकुन मानून लोक बाजूला होत, वाकड्या शरीरात वाकडे मन असते असे पंडितही मानत. त्यामुळे ज्याला लहानपणापासून वडिलांच्या घरातही पूर्ण स्थान मिळाले नाही, त्याला कोठडीतल्या मुलीचे किंवा कातडीच्या रंगामुळे हेटाळल्या जाणाऱ्या वैद्याचे दुःख लवकर कळावे, यात मला कालविसंगती दिसत नाही. सॅन्सम यांनीही आपल्या शाळेत झालेल्या छळाविषयी पुढे जाहीरपणे लिहिले होते. पडद्यावरच्या मालिकेत ही भूमिका जन्मतः एका हाताचे अपंगत्व असलेल्या आर्थर ह्यूज या अभिनेत्याला दिली गेली, हा निर्णयही मला म्हणूनच योग्य वाटतो.

या संदर्भात 'सॉव्हरिन' या तिसऱ्या कादंबरीतला एक प्रसंग सांगायलाच हवा. १५४१ मध्ये हेन्री हजारो माणसांचा लवाजमा घेऊन उत्तरेकडे निघाला. पाच वर्षांपूर्वी मठ बंद करण्याविरुद्ध उत्तरेत मोठा उठाव झाला होता. त्याचा पुढारी रॉबर्ट आस्क याला यॉर्कमध्येच लटकवले गेले होते. आता त्याच शहराच्या प्रतिष्ठितांनी वेशीबाहेर, फुलफर्डला, गुडघे टेकून राजाची क्षमा मागायची होती. यॉर्कचा वयोवृद्ध, देखणा वकील जाइल्स रेन याच्यासह शार्डलेक राजापुढे येतो. ज्याच्यासाठी त्याने आपली सारी निष्ठा वाहिली तो धर्मसुधारक राजा त्याला पहिल्यांदाच जवळून दिसतो. आणि तो राजा सगळ्या जमावासमोर, रेनच्या ताठ देहाशी तुलना करून, शार्डलेकच्या कुबडाची टर उडवतो. जमाव हसतो. त्या दिवसानंतर शहरात कोणीही त्याला ओळखतो ते त्या थट्टेमुळे. वरवर पाहता रहस्याशी या प्रसंगाचा काही संबंध नाही, तरी माझ्या मते मालिकेचा हा मध्यबिंदू आहे, कारण राजसत्तेविषयीची शार्डलेकची शंका त्या क्षणी तत्त्वाची राहत नाही, ती जिव्हारी लागते.

त्याच कादंबरीत त्याच्यावर आणखी एक काम सोपवलेले असते. ब्रॉडरिक नावाच्या कैद्याची प्रकृती यॉर्कपासून लंडनपर्यंत नीट राखायची, त्याला वेळेवर अन्न आणि औषध मिळेल असे पाहायचे, आणि हे सगळे कशासाठी, तर टॉवरमध्ये त्याचा छळ करता यावा म्हणून. आर्चबिशप क्रॅन्मर हे काम दयेचे म्हणून सांगतो. शार्डलेक ते स्वीकारतो आणि मग पानोपानी स्वतःला प्रश्न विचारत राहतो. आजचा सुसंस्कृत वाचक हे काम स्वीकारेल का? मला वाटते, तो स्वीकारणार नाही. शार्डलेक स्वीकारतो, आणि तिथे तो त्याच्या काळाचा माणूस ठरतो.


सागरिका

गेली काही वर्षे आम्ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहत आहोत, त्यामुळे 'हार्टस्टोन' या पाचव्या कादंबरीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. १५४५ च्या उन्हाळ्यात फ्रेंच आरमार इंग्लंडवर चालून आले होते. १९ जुलैला पोर्ट्समथजवळच्या समुद्रात, राजाच्या डोळ्यांदेखत, 'मेरी रोझ' ही त्याची लाडकी युद्धनौका उलटून बुडाली. सुमारे ५०० माणसांपैकी जेमतेम ३५ वाचली, कारण शत्रूने वर चढू नये म्हणून डेकवर ताणून बांधलेल्या जाळ्यांखाली बाकीची अडकली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी नौकेचा उरलेला अर्धा सांगाडा समुद्रातून वर काढण्यात आला आणि आज तो पोर्ट्समथच्या जुन्या गोदीतील संग्रहालयात आहे.

कादंबरी वाचून तिथे गेल्यावर सॅन्सम यांनी किती बारकाईने अभ्यास केला होता, ते लक्षात येते. काचेच्या कपाटांत उवा काढायच्या फण्या आहेत, चामड्याचे जोडे आहेत, जपमाळा आहेत, वैद्याची औषधांच्या बरण्यांनी भरलेली पेटी आहे. तिरंदाजांच्या सांगाड्यांत खांद्याच्या टोकाचे हाड मूळ हाडाशी जुळलेलेच नाही, असे बऱ्याच जणांत आढळले. कोवळ्या वयापासून प्रचंड ताकदीची धनुष्ये ओढण्याचा हा परिणाम असावा, असे अभ्यासक मानतात. कादंबरीत हे तिरंदाज लंडनहून पोर्ट्समथपर्यंत शार्डलेकसोबत चालत येतात. त्यांच्या पायांचे फोड, त्यांची गाणी, त्यांची आपसातली भांडणे आणि आपण कशासाठी लढतो आहोत याविषयीचा संभ्रम हे सगळे वाचकाला परिचयाचे होते, आणि पुढे काय होणार हे ठाऊक असल्यामुळे तो भाग वाचणे जड जाते.

मृण्मयी यांच्या मुख्य मुद्द्याशी जोडायचे तर या कादंबरीतले दिवाणी प्रकरण पाहावे. अनाथ वारसाची जमीन त्याचा पालक म्हणून सांभाळण्याचा हक्क राजा 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स' मार्फत चक्क विकत असे. विकत घेणारा पालक मूल सज्ञान होईपर्यंत जंगल तोडून विकायचा, कुळांकडून पिळून घ्यायचा आणि मुलाचे लग्नही आपल्या फायद्याचे लावायचा. सगळे कायदेशीर होते. युद्धासाठी जहाजे लागत, जहाजांसाठी ओक लागे, आणि तो ओक अनाथ मुलाच्या जंगलातून येई. युद्ध आणि एका मुलाची लूट यांना जोडणारी ही साखळी सॅन्सम यांनी कुठेही व्याख्यान न देता उभी केली आहे.


कौमुदी

मी यातली एकही कादंबरी वाचलेली नाही, पण हा धागा वाचून वाचायची इच्छा झाली आहे. सुरुवात कोठून करावी, आणि क्रमानेच वाचणे आवश्यक आहे का, हे कृपया कोणी सांगावे.


न्यायप्रिय

कौमुदी यांच्या प्रश्नाचे उत्तर मृण्मयी देतीलच. मी हंसध्वनी यांच्या दुसऱ्या आक्षेपाविषयी लिहितो, कारण 'टूमलँड'वर अन्याय होऊ नये असे मला मनापासून वाटते.

ही कादंबरी १५४९ मधील केटच्या बंडाची आहे. सरंजामदारांनी गावोगावची गायराने कुंपणे घालून मेंढ्यांसाठी बळकावली होती, नाण्यांत हीण मिसळल्यामुळे महागाई भडकली होती. जुलै महिन्यात नॉरफकमधील विंडम गावाच्या लोकांनी कुंपणे उखडायला सुरुवात केली. ते रॉबर्ट केट या सधन जमीनदाराच्या शेतावर आले, तेव्हा त्याने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, स्वतःच्या हातांनी आपली कुंपणे पाडली आणि त्यांचे नेतृत्व पत्करले. नॉरिच शहराबाहेर माउसहोल्डच्या माळावर सुमारे १६,००० लोकांचा तळ पडला. त्यांनी राजाकडे (आता हेन्रीचा मुलगा सहावा एडवर्ड) २९ मागण्यांचा अर्ज पाठवला, आणि भूदासांना मुक्त करावे ही त्यांतली एक मागणी होती. एका मोठ्या ओक वृक्षाखाली बसून केट न्यायनिवाडा करी. ऑगस्टच्या सुरुवातीला राजाची एक फौज या शेतकऱ्यांनी पिटाळून लावली. महिनाअखेरीस अर्ल ऑफ वॉरिक भाडोत्री परदेशी सैनिकांसह आला आणि २७ ऑगस्टला डसिनडेल येथे त्याने बंड चिरडले. सुमारे ३,००० माणसे मारली गेली. डिसेंबरमध्ये केटला नॉरिचच्या किल्ल्याच्या भिंतीवरून लटकवण्यात आले. चारशे वर्षांनी, १९४९ मध्ये, त्याच किल्ल्यावर त्याच्या सन्मानाचा फलक शहराने लावला.

शार्डलेक नॉरिचला जातो तो राजकन्या एलिझाबेथच्या आईच्या बोलीन घराण्यातील एका दूरच्या नातेवाइकावरील खुनाच्या खटल्यासाठी, आणि बंडखोरांच्या हाती सापडतो. केट त्याला त्या ओकाखालच्या न्यायसभेत कायद्याचा सल्लागार म्हणून बसवतो. पकडून आणलेल्या जमीनदारांविरुद्ध लोक ओरडत असतात, आणि पुरावा आहे का, साक्षीदार प्रत्यक्ष पाहणारा आहे का, असे प्रश्न शार्डलेक विचारतो. आयुष्यभर राजाच्या न्यायालयांत ज्याला हे प्रश्न पुरेशा मोकळेपणाने विचारता आले नाहीत, त्याला ते पहिल्यांदा विचारता येतात ते कायद्याने बेकायदा ठरवलेल्या तळावर. एका वकिलाच्या आयुष्याची याहून मोठी कलाटणी मला सुचत नाही. हे घडण्यासाठी वाचकाने त्या तळावर दिवसेंदिवस राहणे, तिथली रांधणी, पहारे, शिस्त आणि अफवा अनुभवणे गरजेचे आहे. खुनाचा धागा मागे पडतो हे खरे, तरी त्या शेकडो पानांना पाल्हाळ म्हणायला मी तयार नाही.


हंसध्वनी

न्यायप्रिय, ओकाखालच्या न्यायसभेचा आपण लावलेला अर्थ मला पटला. लांबीविषयीचे माझे मत कायम आहे, पण 'टूमलँड' पुन्हा वाचताना खुनाचा धागा बाजूला ठेवून वाचेन. कादंबरीच्या शेवटी सॅन्सम यांनी बंडावर जो दीर्घ ऐतिहासिक लेख जोडला आहे, तोही आता अधिक लक्षपूर्वक वाचायला हवा. पुरावा कुठे संपतो आणि कल्पना कुठे सुरू होते, हे लेखक त्यात स्वतःच प्रामाणिकपणे सांगतो, आणि ऐतिहासिक कादंबरीकाराने हे करायलाच हवे असे माझे आग्रहाचे मत आहे.


मृण्मयी

कौमुदी, क्रमाने वाचलेले सर्वांत उत्तम : 'डिसोल्यूशन', 'डार्क फायर', 'सॉव्हरिन', 'रेव्हलेशन', 'हार्टस्टोन', 'लॅमेंटेशन', 'टूमलँड'. प्रत्येक कादंबरीतले रहस्य त्या त्या पुस्तकात पूर्ण होते, त्यामुळे मधलीच कादंबरी हाती आली तरी अडणार नाही. मात्र 'डिसोल्यूशन'मधला श्रद्धाळू शार्डलेक आधी भेटला नसेल, तर माउसहोल्डच्या माळावर तो किती दूर आला आहे हे कळत नाही. चार भागांच्या पडद्यावरच्या मालिकेने सुरुवात करू नये, असे सुचवेन, कारण पुस्तकांत 'डार्क फायर'मध्ये प्रथम येणारा शार्डलेकचा मदतनीस जॅक बराक तिथे पहिल्याच कथेत आणला आहे आणि त्यामुळे दोघांच्या नात्याची वाढ वेगळी होते.

ज्यांना सातही वाचणे शक्य नाही, त्यांनी 'डिसोल्यूशन', 'सॉव्हरिन' आणि 'लॅमेंटेशन' या तीन निवडाव्यात. 'टूमलँड'ला हात घालायचा असेल तर 'लॅमेंटेशन' आधी वाचणे आवश्यक आहे, कारण शार्डलेक राजकन्या एलिझाबेथच्या सेवेत कसा आला, हे तिथे समजते.